मध्यंतरात बाहेर राहिलेले प्रेक्षक

इंग्लंडमधली माझी पहिली नोकरी एका फुटबॉल क्लबच्या तिकीट ऑफिसातली. लोकांशी फक्त फोनवर बोलायचं होतं, म्हणून मी ती घेतली. शेजारच्या खुर्चीवर क्लबच्या बायकांच्या टीमची कॅप्टन बसायची. टीम देशातल्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये होती आणि क्लबच्या भाषेत ती ‘प्रोफेशनल’ होती. म्हणजे दिवसभर तिने पुरुषांच्या मॅचची तिकिटं विकायची आणि संध्याकाळी पुरुषांच्याच जुन्या, ढगळ जर्सीत सराव करायचा.

एरवी त्यांच्या मॅचेस एका शाळेच्या मैदानावर होत. मोठ्या स्टेडियमचं गवत पुरुषांसाठी जपलेलं असे. त्या वर्षी मात्र सीझनची शेवटची मॅच स्टेडियममध्ये ठरली. क्लबचे एक डायरेक्टर स्वतः येऊन बघणार होते, की ही टीम बघायला कोणी येतं का. कोणी आलं नाही, तर पुढच्या वर्षी टीम बंद.

“तुझ्या ओळखीचे लोक आण ना,” कॅप्टन म्हणाली. “तू नेहमी कुठल्या तरी हॉलमध्ये जेवायला जातेस, ते.”

ते म्हणजे आमचं मराठी मंडळ. माइकसमोर उभं राहून बोलणं मला जमणारं नव्हतं. मी सगळी माहिती कागदावर लिहून अध्यक्षकाकांना दिली. काकांनी पाडव्याच्या जेवणाआधी ती वाचली. तिकीट फुकट आहे, हे त्यांनी तीनदा वाचलं. एकदा बाहेर पडलं की परत आत सोडत नाहीत, ही शेवटची ओळ वाचेपर्यंत श्रीखंड आलं, आणि ती राहूनच गेली.

मॅचला मंडळ मनापासून आलं. एकच स्टँड उघडा होता आणि त्यातही पिवळ्या जॅकेटवाले, गर्दी सांभाळणारे स्टुअर्ड प्रेक्षकांपेक्षा जास्त दिसत होते. आमच्या लोकांनी मधल्या रांगा भरल्या. फुटबॉल कोणालाच फारसा कळत नव्हता, त्यामुळे दोन्ही बाजूंना टाळ्या पडत होत्या. कॅप्टनने वर बघून अंगठा दाखवला.

हाफटाइमची शिट्टी झाली.

“चला, मध्यंतर!” काका उठले.

मी ओरडायला हवं होतं. “काका, परत आत…” एवढं म्हटलं, तेही माझं मलाच ऐकू आलं. नाटकाला मध्यंतरात बटाटावडा खायचा असतो, तो बाहेर जाऊनच. मंडळी शिस्तीत कार पार्कमध्ये गेली. एका काकूंनी डिकी उघडली. वड्यांचा डबा, हॅरोच्या भारतीय दुकानातून आणलेल्या मिरच्या, लसणाची चटणी, थर्मासमध्ये चहा.

दुसरा हाफ सुरू झाला तेव्हा स्टँड रिकामा होता आणि मंडळ गेटच्या बाहेर.

“नो री-एंट्री,” स्टुअर्ड म्हणाला.

“अहो, आत सीट्स रिकाम्या आहेत!” काका मराठीतूनच ओरडले. मग इंग्रजीतून ओरडले.

“गर्दी आवरायचा नियम आहे, सर.”

“कुठली गर्दी?”

“नियम आहे, सर.”

मी गेटच्या आतल्या बाजूला उभी होते. बाहेर गेले असते, तर मीही अडकले असते. तेवढ्यात मागे मैदानावर आरडाओरडा झाला. वळून बघितलं, तर कॅप्टनने डाव्या पायाने बॉल मारला आणि ती हवेत हात उंचावून धावत सुटली. बॉल जाळ्यात होता. टाळी वाजवायला मी आणि पिवळी जॅकेटं. जॅकेटांना टाळी वाजवायची परवानगी नसावी.

नेमकी तेव्हाच डायरेक्टरांची गाडी आली. उशीर झाला होता, पण चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. गेटसमोर सदऱ्यांची, साड्यांची, क्लबच्या स्कार्फांची गर्दी पाहून ते थबकले. मग गजांमधून त्यांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघितलं.

“हे सगळे लोक मॅच बघायला आलेत?”

“हो,” मी म्हटलं.

“आणि आत येऊ शकत नाहीत?”

“नाही.”

आणखी काही विचारलं असतं, तर मी सांगितलंही असतं. पण काकूंनी तोवर त्यांच्या हातात वडा दिला होता. दुसरा त्यांनी स्वतः मागून घेतला. मॅच संपल्याची शिट्टी झाली तेव्हा ते चटणीने लाल होऊन काकांशी क्रिकेटवर बोलत होते.

टीम राहिली. प्रेक्षकांना जागा पुरली नाही, असं डायरेक्टरांनी वर सांगितलं म्हणे. पुढच्या मॅचेसना आणखी स्टुअर्ड द्यायचं ठरलं. गवत अर्थात पुन्हा पुरुषांकडे गेलं.

उन्हाळ्यात क्लबचं नवं माहितीपत्रक आमच्या टेबलावर आलं. बायकांच्या टीमच्या पानावर मोठा फोटो होता: कार पार्क, काकू, हातात वड्यांचा डबा. खेळाडू एकही नाही.

कॅप्टनने तो बराच वेळ बघितला. “यात मी कुठे आहे?”

मी फोटोतल्या विटांच्या भिंतीवर बोट ठेवलं. “इथे. हिच्या मागे. गोल मारतेयस.”

“तू बघितलास?”

“हो. डाव्या पायाने.”

ती हसली. फोन वाजला. तिने उचलला आणि कोणाला तरी सांगितलं, सॉरी, पुरुषांच्या मॅचची तिकिटं संपली आहेत, पण बायकांच्या मॅचची आहेत, देऊ का? पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज मलाही ऐकू आला.