मायकेनच्या गटातला तिसरा

मायकेनला अख्खं गाव मावशी म्हणायचं. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं पोरांना वाढलं, म्हणून. मी शेजारी, करवतीच्या गिरणीतून निवृत्त झालेलो. मी मात्र तिला नावानंच हाक मारायचो.

नऊ वर्षांची असताना दलदलीत बेरी वेचताना तिला काहीतरी झालं होतं. देव दिसल्यासारखं काहीतरी, नेमकं काय ते मला सांगता यायचं नाही. ते काय होतं हे तिला मरायच्या आधी समजून घ्यायचं होतं. त्यात डॉक्टरांनी सांगितलं, तुमचं विसरणं आता वाढतच जाणार. मग तिची घाई सुरू झाली.

पाद्र्यानं तिला असल्या अनुभवांवरचं एक जाडजूड पुस्तक दिलं. सहावी शिकलेली बाई ती, तीन आठवडे एकाच पानावर अडली. शेवटी वाचनालयातल्या आनेलीनं वाट काढली. ही आनेली तिच्याच हातचं जेवून मोठी झालेली.

"मावशी, अभ्यासगट काढू. उमेओच्या विद्यापीठातल्या धर्मशास्त्राच्या प्राध्यापिका पडद्यावर शिकवतील, सोप्या भाषेत. पण तीन माणसं हवीत. नियम आहे गट चालवणाऱ्या संस्थेचा."

मायकेन झाली एक. पाय अधू झालेला पोस्टमन हेल्मेर झाला दुसरा. तिसरा कोणी मिळेना.

"एव्हर्ट, तू ये. नुसता बस," ती मला म्हणाली.

"मला त्यातलं काय कळतंय?"

"वेलचीचे पाव करीन."

गेलो मी. खोटं कशाला बोलू, पावांसाठीच गेलो. पहिल्याच सोमवारी, पडदा सुरू व्हायच्या आधी, तिनं आम्हा दोघांना दलदलीची हकीकत सांगितली. हेल्मेरनं डोळे पुसले. मी ताटातला शेवटचा पाव कोण उचलतंय यावर नजर ठेवून होतो.

बाई मात्र शिकली. प्राध्यापिका काहीतरी अवघड बोलायच्या आणि ही म्हणायची, "म्हणजे पाणी आटलं तरी मीठ भांड्यात राहतं, तसं ना?" प्राध्यापिका हसायच्या. "मावशी, मीच हे उद्या वर्गात सांगते," म्हणायच्या. मायकेन लाजून लाल व्हायची. मग एकदा हेल्मेर आजारी पडला आणि बैठक बुडाली. संस्थेनं कळवलं, एकदा माफ, पुन्हा तीन माणसं भरली नाहीत तर गट बंद.

ऑगस्टच्या शेवटी प्राध्यापिका म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी तुमची ती दलदलीची हकीकत मला सांगा, तिच्याबद्दलच बोलू."

पुढचा सोमवार म्हणजे एल्कच्या, त्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीचा पहिला दिवस. त्या आठवड्यात आमच्याकडे लग्नसुद्धा कोणी ठरवत नाही. प्राध्यापिका पडल्या मूळच्या दक्षिणेकडच्या, त्यांना काय ठाऊक? आनेलीनं मला दारातच गाठलं.

"एव्हर्टकाका, येणार ना?"

"संध्याकाळी सात वाजता हजर. येतो म्हटलं ना."

आणि यायचंच होतं मला. पण त्या वर्षी शिकारीला बसायच्या जागांच्या चिठ्ठीत तळ्याकाठची, सगळ्यांत चांगली जागा मला लागली, बावीस वर्षांत पहिल्यांदा. दुपारी चार वाजता नर समोर आला. मी गोळी झाडली ती पोटात लागली. जखमी जनावर टाकून घरी जाता येत नाही, कायद्यानंही नाही आणि मनानंही नाही. रक्ताच्या मागावर चालत राहिलो. सात वाजले तेव्हा चिखलात गुडघाभर उभा होतो. फोन लागत नव्हता.

गट बंद झाला. प्राध्यापिकांना दुसरीकडचं काम मिळालं. आनेलीनं दोन महिने गावभर विचारलं, तिसरं कोणी तयार होईना. मायकेन मला एका शब्दानं बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जानेवारीत हेल्मेर गेला.

आता ती वृद्धाश्रमात असते. काल मी पाव घेऊन गेलो, विकतचे. तिनं मला ओळखलं.

"एव्हर्ट, मी तुम्हा दोघांना काहीतरी सांगितलं होतं. दलदलीतलं. मला काहीतरी झालं होतं तिथं."

"हो, सांगितलं होतंस."

"काय झालं होतं रे? बेरींची बादली आठवते. पुढचं सापडत नाही."

ज्यानं ऐकलं होतं तो हेल्मेर थडग्यात. मी डोकं खाजवलं, खूप खाजवलं. त्या दिवशी सहा पाव होते, वर जाड साखर होती, शेवटचा मी खाल्ला होता. एवढं सगळं आठवलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"सांग की," ती म्हणाली. "तू होतास ना तिथं?"