नरसबाई आणि निरोगी गाव

सेवा अमर असते, असं अशा लेखांच्या आरंभी लिहायची पद्धत आहे. आमच्या नरसबाई मात्र परभणीला पटकीच्या साथीत वारल्या, आणि गावाला ते पंधरवड्यानं कळलं. बातमी आणली मानाजी गाडीवानानं. बाळंतपणानंतर त्याच्या भावजयीच्या छातीत गळू झालं होतं, म्हणून तिला बैलगाडीत घालून तो बाईंकडे गेला होता. परतताना त्यानं गाडी शाळेपुढे थांबवली. मी या शाळेत मास्तर आहे. मी विचारलं, बाई काय म्हणाल्या?

"बाई न्हाईत, मास्तर."

"कुठं गेल्या?"

"गेल्या म्हंजी… गेल्याच की."

"मग डॉक्टरांना दाखवलंस का?"

"बाईच न्हाईत तर कुणाला दावावं?"

परभणीत डॉक्टर होते, औषधं होती. पण मानाजीच्या लेखी दवाखाना म्हणजे बाई. बाई नाहीत म्हटल्यावर तो दारातूनच परत फिरला होता. मी त्याला गाडी पुन्हा वळवायला लावली. भावजय वाटेतच गेली.

बाईंचं नाव गयाबाई, माहेर बोरीचं. लहान वयात कपाळ पांढरं झालं तेव्हा भावानं त्यांना हैदराबादला नर्सचं काम शिकायला पाठवलं आणि त्यापायी जातीचा बहिष्कार सोसला. बहिष्कार घालणारे पुढे बाईंकडून डोळ्यांचं औषध नेत, पण मागच्या दारानं. ताडकळसच्या वाटेवरच्या आमच्या गावात सरकारी दवाखाना निघाला, तेव्हा एक जागा डॉक्टरांची होती आणि एक नर्सची. बाई आल्या. डॉक्टर येणार होते. मी पाहतोय तेव्हापासून ते येणारच होते. बाई त्यांची खुर्ची रोज पुसत आणि स्वतः स्टुलावर बसून दवाखाना चालवत.

आमच्याकडे बारवेत उतरून पाणी भरतात, त्यामुळे पायातून नारूचा दोऱ्यासारखा किडा निघणं नवलाचं नाही. तो तुटला तर पाय सडतो. बाई त्याला काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढत, आणि पाणी दुहेरी फडक्यातून गाळा म्हणून बायकांच्या मागं लागत. हिवतापाचं कोयनेल त्या समोर गिळायला लावत. "हितंच गीळ. घरी नेऊन म्हशीला चारशील." हा संशय नव्हता, अनुभव होता. एकदा लांबच्या खेड्यातून आलेली बाई दवाखान्यासमोर गाडीतच बाळंत झाली. आत आडवं व्हायला जागा नव्हती, दोन्ही खोल्या माणसांनी भरलेल्या. मूल राहिलं नाही. तेव्हापासून बाईंनी एकच ध्यास घेतला, बाळंतिणींसाठी एक खोली. आणखी काही मागताना मी त्यांना ऐकलं नाही.

म्हणून दवाखान्याच्या मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, हैदराबादहून मोठे साहेब येणार असं कळलं, तेव्हा बाईंचा चेहरा उजळला. साहेब लोकांना स्वच्छता आवडते, हे त्या हैदराबादेत शिकल्या होत्या. चुना मारला, फरशी घासली, बाटल्या ओळीत लावल्या. आदल्या दिवशी त्यांनी दिवसभर बसून सगळ्यांच्या पट्ट्या बांधल्या आणि प्रत्येकाला बजावलं, उद्या येऊ नका. मानाजीच्या पायातला नारू तेव्हा निम्मा काडीवर होता.

"उद्या येऊ नगस. साहेब यायलेत."

"मंग नारूला काय सांगू, बाई? मुआयना हाय म्हनून?"

"सांग. तुझ्यापेक्षा तो ऐकतोय."

साहेब मोटारीतून आले. पाटलांनी आंब्याच्या डहाळ्यांची कमान उभारली होती. हारतुऱ्यांत गेला तेवढा वेळ दवाखान्यात गेला नाही. साहेबांनी रिकामा बाक पाहिला आणि विचारलं, "मरीज कहाँ हैं?"

बाई अभिमानानं म्हणाल्या, "सब अच्छे हैं, सरकार." मग धीर करून पुढे, "एक कमरा और मिलता तो…"

"जब कोई बीमार ही नहीं, तो कमरा किसलिए?" साहेब हसले. पाटील हसले. सगळे हसतात म्हणून बाईही हसल्या. साहेबांनी गावाला शाबासकी दिली आणि मंडळी जेवायला गेली. जेवण लांबलं.

महिन्याभरानं हुकूम आला. उर्दू वाचून दाखवायला बाईंनी मला बोलावलं. या गावाचं आरोग्य समाधानकारक असल्यामुळे दवाखान्याची गरज उरलेली नाही, असा त्याचा अर्थ होता. बाईंनी ओळीतली एक बाटली उचलून पुन्हा जागेवर ठेवली.

"म्हंजी मीच बंद केला की, मास्तर."

त्या पाटलांकडे गेल्या. मीही बरोबर होतो. चार माणसं घेऊन तहसीलला चला, सांगा की गावात आजार आहे, एवढंच त्यांचं मागणं होतं. पाटील शिवपूजा आटोपून अंगाला भस्म लावलेले बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "बाई, एवढ्या मोठ्या साहेबानं गावाला शाबासकी दिली. आता आमी आजारी हाव म्हनून कोन्या तोंडानं सांगावं?" शेवटी बाई मानाजीच्याच गाडीत मानाजीला बसवून, त्याचा पाय पुरावा म्हणून घेऊन तहसीलला गेल्या. तिथल्या कारकुनानं पाय नीट पाहिला. मुआयन्याच्या दिवशी हा का दिसला नाही, असं विचारलं. बाईंनी मानाजीच्या पायाला पुन्हा पट्टी बांधली.

औषधांची पेटी गाडीवर चढली आणि बाईंची बदली परभणीला झाली. गावातली माणसं बैल जुंपून तिकडे जाऊ लागली. सगळी पोचत नसत. मी शेवटचा भेटलो तो पटकीच्या साथीआधी. परभणीच्या दवाखान्याच्या वऱ्हांड्यात उभ्या उभ्याच बोललो. गाळलेलं पाणी पितात का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. मग एकदम म्हणाल्या, "एक तरी माणूस बाकावर ठेवाया पायजे होता वो… एक तरी."

परवा गावात शोकसभा झाली. दवाखाना बाईंच्या नावानं पुन्हा सुरू व्हावा, असा ठराव पाटलांनी मांडला. गावात नारू वाढलाय, हिवताप आहे, बाळंतिणी दगावतात, हे त्यात घालावं असं मी सुचवलं. पाटलांनी ते गावाच्या नावाला शोभणार नाही म्हणून गाळलं. दवाखाना केवळ स्मरणार्थ मागितला आहे. ठराव एकमतानं मंजूर झाला. दवाखान्याच्या दोन्ही खोल्यांत पाटलांची सरकी भरलेली असल्यामुळे सभा मारुतीच्या पारावर घ्यावी लागली.