लेंड्यांतून उतरलेलं कुरण

सगळे तिला मेंढीवाली म्हणत. जन्मभर तिने डोंगरावरच्या कुरणात मेंढ्या चारल्या. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि ती घरी बसली. मेंढ्यांमागे आता लेक जायचा. तो परतला की ती विचारायची, “वर निळी फुलं आली का रे?”

तो वैतागायचा. “आई, मी मेंढ्या बघू की फुलं?”

त्या वर्षी सुनेने मेंढवाड्यातल्या लेंड्या खत म्हणून परसातल्या टोमॅटोच्या वाफ्यांत घातल्या. टोमॅटोआधी भलतंच काही उगवलं. “मेलं तण!” म्हणत सून उपटायला बसली, तशी म्हातारी काठी टेकत लगबगीने आली.

“हात लावू नकोस! वरच्या कुरणातलं आहे ते. मेंढ्यांनी तिथे बी खाल्लं नि इथे आणून टाकलं.”

सुनेने नाक मुरडलं, पण एक वाफा सोडला. पुढे तिथे निळी फुलं डोलू लागली. म्हातारी सकाळचा चहा तिथेच घ्यायची. हळूहळू सूनही हातातलं काम टाकून शेजारी टेकू लागली.

फुलं सरून बियांची बोंडं वाळली, तेव्हा एक दांडगी मेंढी आत घुसली आणि तिने अख्खा वाफा फस्त केला. सुनेला रडूच फुटलं. “सासूबाई, फाटक माझ्याकडूनच उघडं राहिलं हो!”

म्हातारी खळखळून हसली. “अगं वेडे, बी पोटात घेऊन चाललीय ती! चरू दे की उद्या कुठेही.”

सुनेने डोळे पुसले आणि मेंढीला कान धरून बाहेर काढलं.