पाच दिवस दाराबाहेर

शेठजीनं पेन माह्या हातात नाई देला. टेबलावरून टाकला. तो घरंगळून फरशीवर पडला.

"उचल," शेठजी म्हणे, "अन् लिव. क्लेम भराले उशीर माह्यामुळं झाला. बिलाची जिम्मेदारी माही. खाली सही."

मी वाकली. उचलला. राग नाई आला, रडू नाई आलं. हात दुसऱ्याच कोणाचा असावा तसा वाटून राह्यला होता.

पुलगावजवळच्या या जिनिंगमधे मी नऊ वर्सांपासून कापूस निवडते. पगारातून दर महिन्याले विम्याचे पैसे कापतात. कधी एक दिवस चुकला नाई त्यांचा. माह्या नवऱ्याचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा वर्धेले खाजगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. बिल माह्या भावानं भरलं, घर बांधाले ठेवलेल्या पैशातून. विम्याचे आले की त्याले परत द्याचे होते. सुट्टी होताना काउंटरवरच्या पोरीनं फॉर्म देला. "ताई, मालकाचा शिक्का घेऊन सात दिवसांत द्या. उशीर झाला तर बिल तुमच्याच अंगावर." बसमधे मी फॉर्म दोनदा वाचला. बारावी झाली हाय माही. सात दिवस म्हणजे सात दिवस, मले समजत होतं.

पण जिनिंगची एक रीत हाय. बाईनं चप्पल पायरीखाली काढाची. चौकटीबाहेर उभं राहाचं. शेठजी मान वर करून "काय वं?" म्हणत नाई तोवर तोंड उघडाचं नाई. कुठं लिवलेलं नाई हे. नवी बाई आली की आम्हीच तिले शिकवतो. शांताबाईले मीच शिकवलं.

दोन दिवस नवऱ्यापाशी गेले. तिसऱ्या दिवशी मी दारात उभी राह्यली. शेठजी फोनवर. चौथ्या दिवशी व्यापारी आले होते, चहा चालू होता. पाचव्या दिवशी शेठजीनं मान वर केली, मले पाह्यलं, अन् परत पेपरात घातली. सहाव्या दिवशी म्हणे, "काय वं?" मी म्हटलं, "शिक्का." म्हणे, "उद्या येजो." सातव्या दिवशी ऑफिसले कुलूप. शेठजी नागपूरले लग्नाले.

पाचही दिवस फॉर्म माह्या हातात होता. बोंबलली असती तं काम गेलं असतं. दगडाखाली हात. मंग ठोंब्यासारखी उभी राह्यली. आठव्या दिवशी शिक्का भेटला, अन् फॉर्म परत आला. मुदत संपली म्हणे. वरून विमावाल्यांनी शेठजीले पत्र पाठवलं, उशीर कोणामुळं झाला ते लिहून द्या.

म्हणून आज मले आत बोलावलं. नऊ वर्सांत पहिल्यांदा.

मी "उशीर" एवढं लिवलं. सहज दाराकडं पाह्यलं. बाहेर शांताबाई उभी. अनवाणी. मान खाली, हातात कायचातरी कागद. माय वं! मीच उभी होती तिथं.

तो शब्द मी खोडला. खाली लिवलं: "दवाखान्यातून सुट्टी झाल्याच्या तिसऱ्या दिवसापासून मी हा फॉर्म घेऊन रोज शेठजीच्या दाराबाहेर उभी होती. शिक्का आठव्या दिवशी देला." सही केली. मोबाइलनं फोटो काढला.

शेठजीनं वाचलं. तोंड लाल. "उद्यापासून येऊ नोको."

मी म्हटलं, "पैसे कापाले दार आड नाई आलं तुमच्या. शिक्क्यालेच काऊन आलं?"

मी बाहेर आली, चप्पल घातली. शांताबाईले म्हटलं, "घाल चप्पल, अन् जा आत." ती जागची हालली नाई. तिच्यावर कायले चिडू? माह्याच हातची शिकवण.

क्लेमचं काय होईल, मले माहीत नाई. भावाले अजून सांगतलं नाई, तोंड होत नाई. बिल अंगावर आलं तं फेडीन. पण उशीर माह्यामुळं झाला, हे मेली तरी लिवणार नाई. माही चूक वेगळी हाय. मी गप उभी राह्यली, अन् दुसरीले उभं राहाले शिकवलं. ते आता बंद. उद्या सकाळी भोंगा वाजाच्या आधी मी जिनिंगले जाईन. चप्पल घालून, सरळ आत.