खंडेनवमीची कडी

न्यूट्रॉन अणुकेंद्राबाहेर पडला की साधारण पंधरा मिनिटं जगतो आणि फुटतो. ती पंधरा मिनिटं अचूक मोजणारं यंत्र आखण्यात माझी अर्धी नोकरी गेली, आणि भित्री तर मी जन्मापासूनच आहे. यंत्र बंद पडलं तर निदान कळतं. ते मुकाट्याने चुकीचं मोजत राहिलं तर कुणालाच कळत नाही, आणि मला भीती वाटते ती याचीच.

फुटलेल्या न्यूट्रॉनमधून निघणारा प्रोटॉन आम्ही चुंबकीय क्षेत्रात, तांब्याच्या कड्यांमध्ये धरून मोजतो. कड्यात लोखंडाचा कण रुतला तर क्षेत्र तिथे किंचित वाकतं, काही प्रोटॉन निसटतात, आणि न्यूट्रॉनचं आयुष्य आहे त्याहून जास्त दिसतं. ही कडी डोंबिवलीच्या एमआयडीसीतले एक काका लेथवर करून देत. त्यांचा हात इतका नेमका, की मी ठाण्याहून जायचे ती तपासायला कमी आणि चहाला जास्त.

दसऱ्यानंतर गेले, तर नवी कडी नको तितकी चकाकत होती. मी विचारलं. काका खुशीत होते. खंडेनवमीला लेथची पूजा केली तेव्हा कडीही पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं; एवढं मोठं काम, देवाच्या पायावर घालूनच पाठवायला हवं. मग डाग राहू नयेत म्हणून त्यांनी स्वतः ती घासून लख्ख केली. कशाने, ते मला बेसिनपाशी दिसलं. भांड्यांची लोखंडी तारेची घासणी होती.

तांबं मऊ, त्यात रुतलेला कण डोळ्यांना दिसतही नाही. आणि रागवायचं कुणावर? ‘लोखंड लावू नका’ असं मी ड्रॉइंगवर लिहिलंच नव्हतं. एवढंही काय सांगायचं, असं वाटलेलं. ही कडी चालणार नाहीत, मी कसंबसं सांगितलं. काकांचा चेहरा उतरला.

“पण मॅडम, मागच्या वर्षीची पण आपण अशीच घासलेली,” ते म्हणाले. “तेव्हा तर तुम्ही, काय सुंदर झालीयत, म्हणालेलात.”

म्हणाले होते. ती कडी यंत्रात बसून आठ महिने झाले होते, आणि त्यातून आलेला आकडा पुढच्या आठवड्यात आमचे सर जगापुढे मांडणार होते. तो जुन्या मोजमापांपेक्षा जरासा जास्त आला होता, म्हणजे काहीतरी नवं सापडलं, म्हणून आम्ही पेढे वाटले होते. मी तिथेच स्टुलावर बसून सरांना फोन लावला. रिंग वाजत असताना मनापासून वाटत होतं, त्यांनी तो उचलू नये.