सुदामा नगरच्या दोन-दोन बाटल्या

इंदूर स्टेशनाबाहेर आले तेव्हा माझ्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात थर्मोकोलचा मोठा रिकामा खोका. रिक्षावाल्याने विचारलं, मासे आणलेत का. मी म्हटलं, पाणी न्यायला आलेय. त्याने वळून मला नीट पाहून घेतलं आणि सुदामा नगरकडे रिक्षा काढली.

मी पुण्यातल्या एका विद्यापीठात भूजलाचा अभ्यास करते. इंदूरबाहेरच्या, हातोदकडच्या शेतविहिरींचे नमुने आमच्याकडे होते. शहराच्या पोटातलं पाणी त्याहून किती वेगळं आहे, हे पाहायचं राहिलं होतं. त्यासाठी घराघरातल्या बोअरचं पाणी हवं होतं आणि आधीच्या दोन खेपांत कोणी दार उघडलं नव्हतं. यंदाही नमुने मिळाले नाहीत तर शहराचा भाग गाळून काम गुंडाळायचं ठरलं होतं. विभागातल्या एकाने सुचवलं, आधी लोकांसमोर जाऊन बोला, मग मागा. मला त्यावर काडीचा विश्वास नव्हता. लोकांसमोरचं विज्ञान म्हणजे पडद्यावर रंगीत चित्रं आणि शेवटी टाळ्या, असं माझं मत होतं.

माझी व्यवस्था वंदनाताईंनी केली होती. त्या निवृत्त शिक्षिका आणि कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या सचिव. त्यांचे पणजोबा संस्थानच्या काळात इथे कारकून म्हणून आले, ही माहिती मला चहाच्या आधीच मिळाली. रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये गेलो, तर दारापाशी वाफेवरचे पोहे, वर शेव आणि जीरावन (इथला चटपटीत मसाला), शेजारी जिलेबी. खाल्ल्याशिवाय विज्ञान सुरू होणार नाही, असा त्यांचा दंडक होता. मी दोन बशा खाल्ल्या.

टेबलावर बाटल्या रांगेने मांडलेल्या होत्या. 'येताना घरचं पाणी आणा' असा निरोप मीच पाठवला होता. पन्नासेक तरी असतील. मला इतका आनंद झाला की भाषण बाजूला ठेवून मी आधी क्षार मोजण्याचं यंत्र काढलं. पहिल्या बाटलीत आकडा अगदी कमी आला. दुसरीतही तसाच, तिसरीतही. दहाव्या बाटलीनंतर मी यंत्र झटकलं, पुसलं, सेल बदलले. शेवटी वंदनाताईंना विचारलं की हे पाणी आहे तरी कुठलं.

"मॅडमजी, सगळ्यांनी फिल्टरचंच आणलंय," त्या म्हणाल्या. "पुण्याहून पाहुणे येणार, त्यांच्यासमोर बोरचं पाणी कसं ठेवणार? अच्छा नाही दिसत."

मला रागच आला. दोन वर्षांचं काम, आणि समोर पन्नास बाटल्या यंत्राने गाळलेलं पाणी. मी जरा चढ्या आवाजात म्हणाले की असलं पाणी मला पुण्यातही मिळालं असतं. तेव्हा मागच्या रांगेतले खरे नावाचे गृहस्थ उठले. सांवेर रोडच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर फोरमनकी केली होती.

"देखो मॅडम, साफ बात सांगतो," ते म्हणाले. "आमचं शहर सफाईत नंबर वन. उद्या तुम्ही लिहिणार, सुदामा नगरचं पाणी खराब. मग आमची इज्जत काय राहिली?"

माझा राग तिथेच ओसरला आणि लाज वाटली. मी पाणी मागितलं होतं, कशासाठी ते सांगितलंच नव्हतं. पडद्याकडे न जाता मी पोहेवाल्या काकूंकडून चाळणीभर कोरडे पोहे मागून घेतले. त्यावर स्वच्छ पाणी ओतलं आणि खाली पडलेलं गढूळ पाणी काचेच्या पेल्यात सगळ्यांना दाखवलं. म्हटलं, पाऊस काळ्या खडकातून असाच उतरतो आणि जाताना काही ना काही घेऊन जातो. यात पोह्यांचा दोष नाही, पाण्याचा नाही आणि तुमचा तर नाहीच. काय घेतलं, एवढंच मला पाहायचंय. कोणाच्याही घराचं नाव छापणार नाही. मग प्रश्न सुरू झाले ते दीड तास संपेनात. गीझरमध्ये पांढरा थर का बसतो, शेजारचा बोर खोल गेला की आमचा का आटतो. अर्ध्या प्रश्नांना मला उत्तर येत नव्हतं, आणि ते तसं सांगताना पहिल्यांदाच बरं वाटलं.

पुढचं वंदनाताईंनी हातात घेतलं. ओला कचरा, सुका कचरा वेगळा करण्यात मंडळातल्या बायकांचा हात कोण धरणार? दुपारपर्यंत प्रत्येक घरातून दोन-दोन बाटल्या आल्या. एकीवर 'बोर', दुसरीवर 'फिल्टर', खाली गल्लीचा नंबर. फिल्टरचं पाणी शेजारी ठेवून पाहायचं मला पुण्यात बसून सुचलंच नव्हतं. काम आता पूर्ण होणार होतं, आणि मी योजलं होतं त्यापेक्षा चांगलं.

परतीच्या गाडीत बर्फ तपासायला खोका उघडला. आजवर माझे निष्कर्ष वाचले ते माझ्यासारख्याच दहा-बारा जणांनी, तेही चुका काढायला. कोणी त्यांची वाट पाहत बसलंय, असं कधी झालं नव्हतं. बाटल्या सरळ करताना खऱ्यांनी स्वतः आणून दिलेली 'बोर'ची बाटली हाताला लागली. गल्लीच्या नंबराखाली त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'खराब निघालं तरी सांगा.' मी फोन काढला आणि पुढच्या महिन्याचं इंदूरचं तिकीट काढून टाकलं.