माटोळीचं पोतं

चवथ जवळ आली की धारगळची ती चोरी माझ्या मनात येते. तेव्हा मी पेडणे तालुक्यातल्या ठाण्यात हवालदार होते.

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी हमरस्त्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानाचं शटर वाकवलेलं सापडलं. तांब्याच्या तारेची भेंडोळी गेली होती. पंचनामा चालू असतानाच ठाण्यात निनावी फोन आला. "उजाडताना तो पोतं घेऊन घराकडे जात होता. तोच, जेलात जाऊन आलेला."

त्या माणसाला आम्ही ओळखत होतो. कोवळ्या वयात घरफोडीत सापडला, शिक्षा भोगली, मग लग्न करून सरळ राहिला. मये तळ्याजवळच्या एका हॉटेलात त्याला ड्रायव्हरची नोकरी मिळत होती. मालकाला पोलिसांचा चारित्र्य दाखला हवा होता आणि तो अर्ज आमच्याच ठाण्यात चौकशीसाठी होता.

त्याला जीपमधून ठाण्यात आणलं. त्याचे हात कोपरापर्यंत लाल, सुजलेले.

"पहाटे खंय होतंस?" साहेबांनी विचारलं.

"घराकच, साहेब. निजलेलंय."

"आणि हातार ह्या काय?"

"डास चावले."

"धारगळचे डास आता शटर वाकवतत काय रे?"

सगळे हसले. तो मान खाली घालून तेच तेच सांगत राहिला. खोटं बोलतोय हे मलाही दिसत होतं.

घरात बायकामाणसं, म्हणून झडतीला मला पाठवलं. गणपती बसवायच्या जागेच्या वर माटोळी टांगून झाली होती. लाकडी चौकट, तिला रानातली फळं, पानांसकट कांगल्यांच्या रानफळांचे घोस. मागे काही लपवलंय का बघायला मी एक घोस उचलला आणि मनगटाला आग लागल्यासारखं झालं. झाडावरच्या लाल मुंग्या अजून पानांत होत्या. बघता बघता हात सुजला, अगदी त्याच्यासारखा.

"ही फळं कधी आणली?" मी त्याच्या बायकोला विचारलं.

ती रडायलाच लागली. "बाये, पाया पडतंय. ते पहाटे डोंगरार गेल्ले. माका म्हणाले, 'भायर गेल्लंय म्हणून सांगू नको. माझ्यासारखो मनीस काळोखात पोतां घेऊन फिरता म्हटल्यार कोण इस्वास ठेवतलो?'"

चवथीच्या आदल्या पहाटे गावातले निम्मे पुरुष माटोळीचं सामान आणायला पोती घेऊन डोंगरावर जातात. फोन आला तो याच्याबद्दलच.

पोतं पडवीत होतं. आत पाला आणि मुंग्या. ते साहेबांपुढे ठेवलं, माझा हातही दाखवला. साहेब हसले नाहीत. त्यांनी तालुक्याबाहेरच्या भंगारवाल्यांना फोन लावले. संध्याकाळी डिचोलीत तार सापडली, विकणाराही सापडला. तो वेगळाच माणूस होता.

ड्रायव्हरला सोडताना मी म्हटलं, "खरं सांगितलं असतंस तर एवढं झालं नसतं. माणसाने खरं सांगावं." त्याने हात जोडले.

नंतर त्याचा अर्ज माझ्याकडेच चौकशीला आला. वर्तन चांगलं, सध्या कोणतीही तक्रार नाही, असं मी लिहिलं. पण जुनी शिक्षाही लिहावीच लागली.

"साहेब, त्याने ती भोगलीय ना?" मी विचारलं.

"शिक्षा भोगली, बाई. नोंद भोगून संपत नाही."

डिचोलीच्या फुकट सल्ला देणाऱ्या वकिलानेही त्याला सांगितलं, जुनी शिक्षा पुसून टाकायची सोपी वाट कायद्यात नाही.

दाखला न्यायला तो आला तेव्हा त्याने दाखल्याचं पाकीट उघडलंही नाही.

"मॅडम, तुम्ही सांगितलं म्हणून मी हॉटेलवाल्याक आधीच सगळा खरा सांगितलंय. जेल, जीप, सगळा. त्याने दुसरो ड्रायव्हर ठेवलो."

मी सही घ्यायला नोंदवही त्याच्यापुढे सरकवली.

"आता दुसरीकडे विचारल्यार काय सांगू?"

जो खोटं बोलला तो गुन्हेगार, असं ठाण्यात आम्ही धरून चालतो. त्या केसपासून मी आधी बघू लागले की याला भीती कशाची आहे. पुढच्या नोकरीत ते पुष्कळदा कामाला आलं. त्या दिवशी मात्र तो समोर उभा होता आणि मी अंगावर वर्दी घालून बसले होते.

"खरं तेच सांग," मी म्हटलं. आवाज त्याच्यापर्यंत पोचला की नाही, मला कळलं नाही.